पाणी येणार नाही ही सूचना, का येणार नाही ही बातमी

चिखलदऱ्याला स्वतःचा रेडिओ असावा का, आणि असला तर त्यावर कोणी बोलायचे, यावरून आमच्या अभ्यासगटात गेले वर्षभर भांडण चालू आहे. भांडण चांगले आहे म्हणूनच ते इथे मांडतो. आम्ही परतवाडा-अचलपूरकडचे बारा-पंधरा जण. बहुतेक बौद्ध, एक बलई, आणि अलीकडे सोबत आलेल्या मेळघाटातल्या दोन कोरकू मुली. महिन्यातून एकदा घाट चढून वर जातो, पुस्तक वाचतो, वाद घालतो, खाली येतो. रेडिओचा विषय याच वादातून निघाला.

पहिला आक्षेप आमच्यातल्याच एका मित्राचा. "आता रेडिओ कोन ऐकते बे? युट्युब चॅनल काढा, मोकये व्हा." शहरातल्या प्रत्येक कार्यकर्त्याचा हाच सल्ला असतो. पण मेळघाटात ज्याने चार दिवस काढले आहेत त्याला ठाऊक आहे की कित्येक गावांत रेंज शोधायला टेकडीवर जावे लागते, आणि रेंज मिळाली तरी व्हिडिओ बघण्याइतका डेटा भरायला पैसे लागतात. निवडणुकीत इथल्या अनेक मतदान केंद्रांशी संपर्कासाठी प्रशासनाला आजही वायरलेस संच आणि पायी निरोप नेणारी माणसे ठेवावी लागतात. जिथे खुद्द निवडणूक आयोगाचा निरोप पायी जातो, तिथे आमचे युट्युब चॅनल काय पोहोचणार? रेडिओला डेटा लागत नाही, अक्षर लागत नाही, वीज गेली तर दोन सेलवर तो चालतो. पेरणी करता करता, मोहफुले वेचता वेचता ऐकता येतो. ज्यांच्या हातून पिढ्यान्‌पिढ्या अक्षर हिरावून घेतले त्यांच्यासाठी कान हेच पहिले विद्यापीठ होते. आपल्या चळवळीला हे सांगायची गरज नसावी. आपल्या आज्यांना बाबासाहेब कळले ते गाण्यातून आणि भाषणातून. ग्रंथ नंतर आले.

बाबासाहेबांनी 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केला, 'बहिष्कृत भारत' १९२७ ला, 'जनता' १९३० ला, 'प्रबुद्ध भारत' १९५६ ला. हे आपल्याला पाठ आहे, दर ३१ जानेवारीला आपण ते सांगतो. पण बाबासाहेब रेडिओवरही बोलले, हे आपल्यापैकी किती जण सांगतात? ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून त्यांनी आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान मांडले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तीन तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत, हे त्यांनी देशाला तिथून सांगितले. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, मे १९५६ मध्ये, ते बीबीसीवरून बौद्ध धम्माबद्दल बोलले आणि त्याच महिन्यात व्हॉइस ऑफ अमेरिकावरून भारतातील लोकशाहीच्या भवितव्याबद्दल. जात असेल तिथे लोकशाही मूळ धरू शकत नाही, हा मुद्दा त्यांनी परदेशी रेडिओवरून जगासमोर ठेवला. दीक्षेच्या पाच महिने आधी. म्हणजे बाबासाहेबांना या माध्यमाची ताकद पुरेपूर ठाऊक होती. वर्तमानपत्र काढायला त्यांना कोणाची परवानगी लागली नाही, फक्त पैसा लागला आणि तो कधीच पुरला नाही. रेडिओ मात्र काढता आला नसता. लहरींचा मालक सरकार.

आणखी एक योगायोग. पंतप्रधानांची 'मन की बात' आकाशवाणीवर सुरू झाली ती तारीख ३ ऑक्टोबर २०१४. बाबासाहेबांच्या त्या भाषणाला बरोबर साठ वर्षे झाली त्या दिवशी. एका माणसाच्या मनातली गोष्ट महिन्यातून एकदा देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचते, अनेक भाषांतून पोहोचते. आमची तक्रार त्याबद्दल नाही. पंतप्रधानांनी जरूर बोलावे. प्रश्न एवढाच आहे की चिखलदरा तालुक्यातल्या एखाद्या बाईच्या मनातली बात दहा किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात का पोहोचू नये?

आता कायद्याकडे या. मित्रांनो, हा भाग कोरडा आहे, पण इथेच खरी मेख आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या खटल्यात निर्णय दिला की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारचीही मक्तेदारी नाही, भांडवलदाराचीही नाही. त्यानंतर खासगी एफएम आले, तो बाजाराचा भाग झाला. सामुदायिक रेडिओचे पहिले धोरण २००२ चे, ते फक्त शिक्षणसंस्थांसाठी. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये ते बदलले आणि नोंदणीकृत ना-नफा संस्थांनाही परवाना मागता येऊ लागला. संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी, प्रक्षेपणाची ताकद साधारण १०० वॅट, अँटेना ३० मीटरपर्यंत, आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झालेले हवेत. हे सगळे ठीक. पण त्याच धोरणात एक ओळ आहे: बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम करता येणार नाहीत. पुढे सवलत मिळाली ती आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा वाजवण्याची.

मग बातमी कशाला म्हणायचे? खासगी एफएमसाठीच्या २०११ च्या धोरणात याचे उत्तर आहे. खेळ, वाहतूक, हवामान, सांस्कृतिक कार्यक्रम, परीक्षा आणि निकाल, नोकरीच्या संधी, शिवाय वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याचा इशारा अशा ज्या सूचना स्थानिक प्रशासन देईल त्या, या सगळ्या गोष्टी 'बातमी' धरल्या जात नाहीत. त्या सांगता येतात. नीट वाचा. उद्या पाणी येणार नाही, ही सूचना आहे. पाणी का येणार नाही, टँकर कोणत्या वस्तीत थांबतो आणि कोणत्या वस्तीला वळसा घालून जातो, ही बातमी आहे. गावात साथ आली आहे, पाणी उकळून प्या, हे चालते. गावात मूल दगावले आणि आरोग्य केंद्राला कुलूप होते, हे चालत नाही. म्हणजे नियमाने माहिती आणि प्रश्न वेगळे केले, माहिती वरून खाली सोडली आणि प्रश्नाची खालून वर जाणारी वाट बुजवली. वरच्याने सांगावे, खालच्याने ऐकावे. ही रचना आपल्या ओळखीची आहे. तिचे नाव आपण घेतो तेव्हा लोकांना राग येतो, म्हणून इथे घेत नाही.

गंमत बघा. वर्तमानपत्राला बातमी देता येते. शेकडो टीव्ही वाहिन्या रात्रंदिवस बातम्यांच्या नावाखाली काय वाट्टेल ते ओरडतात, त्यांना मोकळीक. मोबाइलवर कोणीही काहीही पसरवतो. फक्त रेडिओच्या तोंडाला मुसके, आणि नेमके त्याच माध्यमाला, जे निरक्षर आणि गरीब माणसाला परवडते. 'कॉमन कॉज' या संस्थेने २०१३ मध्ये याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. सप्टेंबर २०२३ मध्ये ट्रायने शिफारस केली की खासगी एफएमला दर तासाला दहा मिनिटे बातम्यांची मुभा द्यावी. शिफारस म्हणजे परवानगी नव्हे, आणि खासगी एफएम म्हणजे सामुदायिक रेडिओ नव्हे.

मेळघाटाच्या बाबतीत ही चर्चा हवेतली नाही. १९९३ साली इथले बालमृत्यू वर्तमानपत्रांत गाजले. त्यानंतर याचिका झाल्या, समित्या झाल्या, मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला किती वेळा फटकारले त्याची मोजदाद नाही. पण या तीस वर्षांत मेळघाटाबद्दल जे जे बोलले गेले ते मेळघाटाबाहेरून बोलले गेले. पत्रकार आले, डॉक्टर आले, मंत्री आले, आमच्यासारखे कार्यकर्ते आले. कुपोषण हा शब्द सगळ्यांनी वापरला. ज्या आईचे मूल गेले तिने आपल्या भाषेत, आपल्या शेजारच्या गावाला, काय झाले ते सांगितले आणि शेजारच्या गावाने ते ऐकले, असे घडवून आणणारी एकही यंत्रणा उभी राहिली नाही.

आणि चिखलदऱ्याबद्दल काय ऐकवले जाते? विदर्भातले एकमेव थंड हवेचे ठिकाण, उंची १,११८ मीटर, कॉफीचे मळे, गाविलगड, स्कायवॉक. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले म्हणून कीचकदरा, त्याचे चिखलदरा, ही कथा गाइड दिवसातून दहा वेळा सांगतो. उद्या एखाद्या व्यापाऱ्याने इथे एफएम काढलेच तर त्यावर हेच वाजेल आणि मध्ये हॉटेलांच्या जाहिराती. 'स्थानिक' या शब्दाने आपण फसू नये. स्टुडिओ चिखलदऱ्यात असला म्हणून रेडिओ चिखलदऱ्याचा होत नाही.

मालकीचा मुद्दा अमेरिकेतल्या काळ्या बांधवांनी आपल्याआधी शिकून घेतला. मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए या केंद्राने १९४८-४९ मध्ये सगळा कार्यक्रम काळ्या श्रोत्यांसाठी करायला सुरुवात केली. निवेदक काळे, संगीत काळ्यांचे, मालक मात्र गोरे. त्याच १९४९ साली अटलांटात जेसी ब्लेटन या काळ्या हिशेबनिसाने डब्ल्यूईआरडी हे केंद्र विकत घेतले. पुढे त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचे कार्यालय आले. किंग यांना काही जाहीर करायचे असले की ते झाडूच्या दांड्याने छतावर ठोकत आणि वरून निवेदक माईक खाली सोडी, असे तिथे सांगतात. झाडूचा दांडा आणि माईक! आपल्या माणसाला या चित्राचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बोलिव्हियात तर कथिलाच्या खाणीतल्या कामगारांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वतःच्या मजुरीतून वर्गणी कापून रेडिओ केंद्रे चालवली. सैन्याने बंड केले की पहिली धाड या केंद्रांवर पडत असे.

इतके लांब जायचे कारण नाही. तेलंगणातल्या जहीराबादजवळ माचनूर नावाचे गाव आहे. तिथे १५ ऑक्टोबर २००८ रोजी 'संघम रेडिओ' सुरू झाला. चालवणाऱ्या दोघी दलित बाया, दोघींचे नाव नरसम्मा, म्हणून एक जनरल नरसम्मा आणि दुसरी अल्गोल नरसम्मा. परवाना मिळेपर्यंत दहाएक वर्षे त्यांनी वाट पाहिली, पण रिकाम्या बसल्या नाहीत. ज्वारी-बाजरी, बियाणे, बाळंतपण, गाणी, सगळे त्या टेपवर मुद्रित करत राहिल्या आणि गावोगावच्या महिला संघांच्या बैठकीत कॅसेट लावून ऐकवत राहिल्या. आकाशवाणीवरची तेलुगू आमची नाही, आमच्या शेताची नाही, हे त्यांचे पहिले म्हणणे होते.

मेळघाटाच्या उत्तरेला, सीमा ओलांडली की मध्य प्रदेशातल्या खंडवा जिल्ह्यात खालवा लागते. तिथे मध्य प्रदेश सरकारच्या आदिवासी विभागाच्या 'वन्या' संस्थेने कोरकू भाषेत सामुदायिक रेडिओ सुरू केला. तेच लोक, तीच भाषा, तोच सातपुडा. डोंगराच्या त्या अंगाला कोरकूला रेडिओ मिळाला, या अंगाला नाही. सरकारी खात्याचा रेडिओ आहे, योजना सांगेल, योजनेचे पैसे कुठे अडकले ते विचारणार नाही, ही आमची शंका आहेच. पण निदान घरातली भाषा यंत्रातून ऐकू तरी आली. देशात कोरकू बोलणारे सात लाखांहून अधिक आहेत. तिच्याच मुंडा कुळातली संथाली २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत गेली. कोरकू नाही. महाराष्ट्रात तर तिला 'बोली' म्हणून बाजूला सारतात, जणू ती मराठीचीच वाकडी शाखा असावी. मराठीशी तिचे कूळसुद्धा जुळत नाही.

इथे आमच्या भांडणाची दुसरी, अधिक अवघड बाजू येते. ती कोरकू मुलींपैकी एकीने काढली. तिचे शब्द जवळजवळ असे होते: "दादा, तुमाले बोलाले भेटलं नाही म्हनून तुमी पेपर काढले. आता आमाले भेटत नाही, तर तुमीच आमच्यासाठी बोलता. मंग आमी कधी बोलाचं?" बैठकीत पाच मिनिटे कोणी बोलले नाही. प्रश्न रास्त होता. आपण मराठीत विचार करतो, जयंतीचे नियोजन मराठीत करतो, आपला रागसुद्धा मराठी आहे. आदिवासी गावात गेलो की आपणही 'प्रबोधन' करायला लागतो, आणि सवर्ण सुधारक आपल्याशी जसे बोलत तसाच आपला सूर कधी कधी लागतो. काहींनी तिला उत्तर दिले की शोषितांची एकजूट महत्त्वाची, भाषेवरून फूट नको. आम्हा बाकीच्यांना ते पटले नाही. एकजूट म्हणजे एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने टाळी द्यायची असे असेल तर ती एकजूट आपण दुसऱ्यांकडून पुरेशी सोसली आहे.

रेडिओवर काय वाजू द्यायचे हे ठरवणाऱ्यांनी एकेकाळी काय केले ते विसरू नये. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर बंदी घातली. कारण असे की शास्त्रीय संगीतातले सूक्ष्म स्वर तिच्यातून निघत नाहीत. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. ज्या तीन दशकांत आपल्या गायनपार्ट्या पेटी आणि ढोलकी घेऊन खेड्यापाड्यांत भीमगीते गात होत्या, त्याच तीन दशकांत देशाच्या रेडिओच्या दारात पेटीला मज्जाव होता. बंदी घालणाऱ्यांच्या मनात आपण नव्हतोही. त्यांनी फक्त 'दर्जा' राखला. दर्जा राखणाऱ्यांच्या मनात आपण नसतो, हीच तर अडचण असते. मग उद्या आमच्या हातात माईक आला आणि कोरकू बाईचे बोलणे आम्हाला लांबलचक, विस्कळीत वाटले, तर आम्ही कोणता दर्जा लावणार?

तर आम्ही संघमच्या बायांचा मार्ग धरला. परवाना नाही, टॉवर नाही. मोबाइलवर मुद्रण करायचे, मेमरी कार्डवर घ्यायचे, आणि छोट्या स्पीकरवर पाराखाली, अंगणात ऐकवायचे. आठ-दहा भाग झाले आहेत. पहिल्यांदा आम्ही वनहक्क कायद्यावर मराठीत एक व्यवस्थित, पुस्तकी भाग केला. लोक नम्रपणे बसले, ऐकले, उठून गेले. नंतर त्या दोघींनी कोरकूत एक भाग केला. त्यात एक म्हातारी रेशनच्या तांदळाबद्दल बोलते, मध्येच होळीच्या दिवसांतले काहीतरी सांगते, हसते, पुन्हा तांदळावर येते. आम्हाला त्यातले निम्मे कळले नाही. गावाने तो तीनदा लावायला सांगितला. पण त्याच गावात एका बापाने विचारले की हे बाहेर जाणार का, माझं नाव त्यात येऊ देऊ नका. रोजगार हमीचे काम त्याला पुन्हा मागायचे होते. बोलणे आणि पोट यांच्यातला हा दोर आहे. स्टुडिओच्या काचेआडून तो दिसत नाही. नावे वगळायची, आवाज ठेवायचे, की आवाजही बदलायचे, यावर आमचे अजून एकमत नाही. लहान गावात आवाज म्हणजेच नाव असते.

काही जण म्हणतात की छत्तीसगडमधल्या 'सीजीनेट स्वर'सारखे फोनवर चालवा. २०१० पासून तिथे लोक मिस्ड कॉल देऊन गोंडीत आपली बातमी नोंदवतात आणि ऐकतात, परवान्याचा प्रश्नच येत नाही. कल्पना चांगली आहे आणि आम्ही ती सोडलेली नाही. पण पुन्हा रेंज.

टॉवरचेही राजकारण आहे, ते आम्हाला आधी सुचलेच नव्हते. एफएमची लहर सरळ जाते, डोंगर आडवा आला की अडते. चिखलदऱ्याच्या कड्यावर १०० वॅटचा टॉवर उभा केला तर दक्षिणेला खाली उघड्या मैदानातल्या परतवाड्याला तो कदाचित स्वच्छ ऐकू येईल, आणि उत्तरेच्या दऱ्यांमधल्या, हाकेच्या अंतरावरच्या गावांना येणार नाही. म्हणजे जागा निवडताना सोय बघितली, रस्ता आणि वीज बघितली, तर मेळघाटाच्या नावाचा रेडिओ पायथ्याच्या बाजारपेठेचा होऊन बसेल. टॉवर एखाद्या आतल्या गावात न्यायचा तर वीज, देखभाल, वनखात्याची परवानगी हे सगळे आले. आमच्यातल्या आयटीआय झालेल्या मित्राने नकाशावर दऱ्या रंगवून ठेवल्या आहेत. त्याच्या मते एका टॉवरने भागणार नाही.

सध्या ठरले आहे ते इतके. अर्जासाठी तीन वर्षे जुनी नोंदणीकृत संस्था हवी. आमची नाही. दुसऱ्या कोणाच्या संस्थेच्या नावाने अर्ज करायला तिघांचा विरोध आहे, कारण नाव ज्याचे माईक त्याचा. म्हणून नवी संस्था नोंदवायची, तिच्या कार्यकारिणीत निम्म्याहून अधिक कोरकू आणि त्यातल्या निम्म्या बाया, आणि कार्यक्रमाचा अंतिम शब्द त्यांचा. आम्ही तंत्र, हिशेब आणि कागदपत्रे बघायची. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याला हे आवडले नाही. मग आंबेडकरी विचार त्यात कुठे राहिला, असे त्यांनी विचारले. त्यांच्याशी वाद अजून चालू आहे, त्यांनी आपले म्हणणे लिहून द्यावे, ते याच ठिकाणी छापू.

दरम्यान त्या दोघींनी मुद्रणाचे यंत्र आपल्या गावी नेले आहे आणि पुढच्या चार भागांचे विषय कळवले आहेत: कोरकूतले पाळण्याचे गाणे, अंगणवाडीचा खाऊ, स्थलांतरात शाळा सुटलेली मुले, आणि रोजगार हमीचे मस्टर कोण भरतो. पहिला विषय परवान्याच्या नियमात बसतो.